अणूला काही हवं नसतं

कोरडे हे त्यांचं आडनाव नव्हतं. पण साकोलीच्या ज्युनिअर कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवायला लागले तेव्हा सुरुवातीचे काही दिवस मला तसंच वाटत होतं. मुलं ‘कोरडे सरांचा तास’ म्हणायची, शिपाई ‘कोरडे सरांनी खडू मागितला’ म्हणायचा. एकदा एक पालक स्टाफरूमच्या दारात येऊन कोरडे सर कुठे भेटतील, असं विचारू लागले. मी कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बोट दाखवलं. रसायनशास्त्राचे ते सर उठले, “मीच,” म्हणाले आणि पालकांना घेऊन व्हरांड्यात गेले. त्याच दिवशी हजेरीपटावर त्यांची सही पाहिली, तर आडनाव भलतंच. मी ओशाळून विचारलं. ते म्हणाले, “पोरांनी ठेवलं आहे. बरोबर ठेवलं आहे.”

उंच, किरकोळ बांध्याचा माणूस. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि उजव्या बाहीच्या टोकाला कायमची बसलेली खडूची पूड. रोज सानगडीहून मोटरसायकलवर यायचे. घरी धानाची शेती होती. तरी शेतीबद्दल, पावसाबद्दल, निवडणुकीबद्दल ते स्टाफरूममध्ये कधी बोलत नसत.

त्यांच्या कोरडेपणाचं मूळ एका नियमात होतं. शिकवताना उपमा द्यायची नाही. मला हे हट्टीपणाचं वाटायचं. अणू कोणी पाहिला आहे? न दिसणारी गोष्ट दिसणाऱ्या गोष्टीच्या आधारानेच सांगावी लागते. कोव्हॅलंट बॉंड, म्हणजे शाळेच्या पुस्तकातला सहसंयुज बंध, शिकवताना सगळे शिक्षक हेच करतात. दोन मैत्रिणी आणि एक डबा सांगतात, दोन शेजारी आणि एक विहीर सांगतात, वर्ग जरा धीट असेल तर नवरा-बायको सांगतात. सर यातलं काहीही चालू देत नसत. पेपरात एखाद्या मुलाने ‘हायड्रोजनला आणखी एक इलेक्ट्रॉन हवा असतो’ असं लिहिलं, की समासात लाल शाईने ‘त्याला विचारलं?’ असं लिहून यायचं. ‘बंध झाल्यावर दोन्ही अणू खूश होतात’ याच्यापुढे ‘कशावरून?’ आणि ‘अणू आपला इलेक्ट्रॉन दुसऱ्याला वापरायला देतो’ याच्यापुढे ‘परत केव्हा घेतो?’ मुलं हे शेरे एकमेकांना वाचून दाखवत आणि हसत. सर मात्र ते विनोद म्हणून लिहीत नव्हते.

त्यांचा तास मी एकदा मागच्या बाकावर बसून ऐकला. फळ्यावर त्यांनी दोन ठिपके काढले, एकमेकांपासून हातभर लांब. हे दोन हायड्रोजन, इतक्या अंतरावर काही होत नाही. ते पुसून थोडे जवळ काढले. प्रत्येकाच्या मध्यभागी धन प्रभाराचं केंद्रक आणि भोवती एक इलेक्ट्रॉन. आता याचं केंद्रक त्याच्या इलेक्ट्रॉनला ओढू लागलं, त्याचं केंद्रक याच्या. पुन्हा पुसले, आणखी जवळ. ऊर्जा कमी होते आहे. आणखी जवळ, आता फारच जवळ झालं, दोन केंद्रकं एकमेकांना ढकलू लागली, ऊर्जा एकदम चढली. म्हणून किंचित मागे. त्या जागी खडू टेकवून ते वर्गाकडे वळले. इथून जवळ जायला ऊर्जा लागते, दूर जायलाही लागते, म्हणून दोघं इथे राहतात, याला बंध म्हणायचं, असं त्यांनी सांगितलं. ती दोरी नाही, दांडी नाही, गाठही नाही. आपण दोन अणूंच्या मधे जी रेघ काढतो ती आपल्या सोयीची.

पुस्तकात एका अणूचे इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी आणि दुसऱ्याचे फुल्यांनी दाखवतात. सरांनीही आधी तसंच काढलं. जोडी झाल्यावर मात्र फुली पुसली आणि तिथे ठिपकाच दिला. “आता यातला कोणाचा कोणता, हे विचारायचं नाही. इलेक्ट्रॉनवर नाव नसतं.”

सगळं अगदी बरोबर होतं, आणि निम्मा वर्ग खिडकीतून महामार्गावरचे ट्रक पाहत होता.

वर्गाबाहेरही ते असेच. आमच्या एका सहकाऱ्याने लग्नाची पत्रिका आणून दिली, त्यावर ‘दोन जीवांचे मंगल मीलन’ असं छापलेलं होतं. सरांनी पत्रिका शांतपणे वाचली आणि ‘लग्न आहे’ एवढं पुरलं असतं, असं सांगितलं. मग त्या लग्नाला वेळेच्या आधी पोचून, वाढायला उभं राहून, सगळ्यात शेवटी जेवले. त्यांच्या बायकोने मला एकदा हसत सांगितलं होतं, की भाजी कशी झाली असं विचारलं तर हे ‘मीठ बरोबर आहे’ म्हणतात. तीस वर्षांत याहून मोठी तारीफ ऐकली नाही.

हे सगळं मी गमतीत घेत होते. एक गोष्ट मात्र मला खुपायची. सर वर्गात मुलींची नावं घेत नसत. मुलाला नावाने उठवायचे. मुलीला प्रश्न विचारायचा असला तर ‘तिसरा बाक, भिंतीकडून’ असं म्हणायचे. फळ्यापाशी मुलगा आणि मुलगी एकाच वेळी कधी बोलवायचे नाहीत. प्रयोगशाळेत मुलींची टेबलं वेगळी. मी वर्ध्याहून आलेली, नवी, अंगात जोर असलेली. मला वाटलं, हा माणूस डोक्याने पन्नास वर्षं मागे आहे. एकदा मी सरळ विचारलं, की तुम्ही मुलींना प्रश्न का विचारत नाही. ते म्हणाले, “विचारतो. नाव घेत नाही.”

मग एक दिवस ते बोर्डाच्या कामाला भंडाऱ्याला जाणार होते, आणि त्यांचा अकरावीचा तास माझ्याकडे आला. धडा बंधांचाच होता. मी ठरवलं, की आज या मुलांना हा धडा असा शिकवायचा की जन्मभर विसरणार नाहीत. बाक सरकवले, मुलामुलींना मधल्या जागेत उभं केलं, प्रत्येकाचा एक हात म्हणजे एक इलेक्ट्रॉन. हायड्रोजनला एकच हात, दुसरा पाठीमागे बांधायचा. ऑक्सिजनला दोन. मग पाण्याचा रेणू करा, अमोनियाचा करा, मिथेनचा करा. मिथेनसाठी चार हातांचा कार्बन लागला, तो दोन मुलांनी पाठीला पाठ लावून केला. वर्गात नुसता गोंधळ, पण कामाचा गोंधळ. जो मुलगा कधी तोंड उघडत नसे तो ओरडून सांगत होता, की नायट्रोजनचा एक हात रिकामा राहिला.

तेवढ्यात दार उघडलं. भंडाऱ्याची बैठक रद्द झाल्याने सर परत आले होते. दारातच उभं राहून त्यांनी सगळीकडे पाहिलं. एका कोपऱ्यात एका मुलीचा हात एका मुलाच्या हातात होता आणि तिसरा एकजण मोबाइल वर धरून उभा होता.

“हात सोडा,” सर म्हणाले.

आवाज चढलेला नव्हता, पण सगळ्या वर्गाचे हात एकदम सुटले. त्यांनी त्या मुलाचा मोबाइल घेतला, समोर उभं राहून फोटो पुसायला लावला, बाक जागेवर लावून घेतले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मुलांसमोर इतका अपमान माझा पूर्वी कोणी केला नव्हता. मी त्याच दिवशी प्राचार्यांकडे तक्रार केली. प्राचार्य ऐकून घेत राहिले आणि शेवटी एवढंच म्हणाले, की त्यांचं एक कारण आहे, पण ते त्यांनीच सांगायला हवं. दोन महिने मी सरांशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षात आलं की नाही, हेही मला कळलं नाही.

हिवाळ्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा लावून ते आठवड्याभरात परत आले आणि थेट माझ्या टेबलापाशी उभे राहिले. रविवारी मला करडीला जायचं आहे, डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली आहे, तुमच्याकडे स्कूटी आहे, असं म्हणाले. मी विचारलं, इतके पुरुष सहकारी असताना मीच का. त्यांनी जरा विचार करून उत्तर दिलं, “त्या घरात एक सून आहे. बाई सोबत असलेली बरी. आणि तुम्हाला शिकवता येते.”

हे ‘तुम्हाला शिकवता येते’ ऐकून मला राग यावा की आनंद व्हावा, ते समजेना. पण मी हो म्हटलं.

साकोलीहून करडी म्हणजे तासाभराच्या वरची वाट. धान कापून झालेलं, शेतातल्या बांध्या रिकाम्या, रस्त्याच्या कडेला तणसाचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे ढीग. सर मागे बसले होते, मांडीवर एक लहान फळा, दोरीने बांधलेला, एका हाताने धरून. वाटेत खड्डा आला की तेवढं आधी सांगायचे. ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी त्यांना दिसत नव्हता. वाटच पाठ होती.

करडीत ज्या घरापुढे थांबलो ते मासेमारी करणाऱ्यांचं होतं. अंगणात बांबूवर जाळं वाळत घातलेलं, ओसरीवर एक पन्नाशीची बाई दुसऱ्या जाळ्याची फाटलेली घरं विणत बसलेली. ती घरची सासू. तिने बसायला चटई टाकली आणि आत हाक मारली. एकोणीस-वीस वर्षांची एक मुलगी पुस्तकं घेऊन बाहेर आली. तिच्यामागे तिचा नवरा आला, तोही येऊन भिंतीला टेकून बसला. मला वाटलं, आता सासू उठून जाईल, नवरा कामाला जाईल. कोणीच उठलं नाही. सरांची अटच होती, की घरातली सगळी माणसं समोर असतील तरच शिकवणार.

मग सर बोलू लागले आणि मी चकित झाले. वर्गात पुस्तकातल्या भाषेत बोलणारा हा माणूस इथे भंडाऱ्याकडच्या अस्सल झाडीबोलीत बोलत होता. “पाह्य, आता हे दोन जवळ येऊन राहिले. काहून थांबले? सांग बरं.” उपमा इथेही एक नव्हती. तेच ठिपके, तेच पुसणं. पण ती पोरगी एकटक पाहत होती, सासूचे हात जाळ्यावर चालू होते आणि नजर फळ्यावर होती.

चहा करायला ती आत गेली तेव्हा मी तिच्यामागे गेले. चुलीपाशी बसून तिने मला सगळं सांगितलं. ती मूळची सानगडीची. तिचे वडील तिथल्या तलावात मासे धरतात. बारावीत असताना सरांनी बंध शिकवताना तिला आणि एका मुलाला पुढे बोलावलं होतं. तेव्हा सर उपमा देत, आणि मुलांना त्यांचा तास फार आवडायचा. दोघांच्या हातात एकेक पेन दिला आणि दोन्ही पेन दोघांनी मिळून धरायचे, अशी ती गंमत होती. वर्ग हसला, तीही हसली. कोणीतरी फोटो काढला, त्यावर बदाम चिकटवला आणि संध्याकाळपर्यंत तो सानगडीतल्या फोनांवर फिरत होता. दुसऱ्या दिवशी वडील येऊन तिला घेऊन गेले. अठरा पुरी होण्याची तेवढी वाट पाहिली आणि करडीला लग्न लावून दिलं. त्या मुलाला कोणी काही बोललं नाही. तो पुढे नागपूरला शिकायला गेला.

सर त्या काळात तिच्या वडिलांकडे अनेकदा जाऊन आले. वडील खाट टाकत, पाणी देत, आणि नाही म्हणत. लग्न झाल्यावर सर करडीला आले. सासूसमोर उभं राहून म्हणाले, की तुमच्या सुनेचं शिक्षण माझ्यामुळे थांबलं, ते मला पूर्ण करू द्या. सासूने त्यांना अंगणात बराच वेळ उभं ठेवलं आणि मग बसा म्हटलं. प्राचार्यांनी तिचं नाव पुन्हा पटावर घेतलं. प्रयोगांच्या दिवशी नवरा तिला गाडीवर साकोलीला आणायचा, बाकी अभ्यास घरी.

“पण मॅडम, सरायच्यामुळं नाही झालं जी,” ती चहा गाळता गाळता म्हणाली. “हे सोयरीक बाबानं आधीच पाहून ठेवली होती. मले माहीत होतं. सरायले मी दोन-तीनदा सांगतलं, त्यायनं आयकलंच नाही. मंग मी सांगणंच सोडलं.”

का सोडलं, असं मी विचारलं.

तिने कप ताटलीत मांडले. “त्यायले पटलं असतं, त ते आले असते का?”

माझ्याकडून तिने वचन घेतलं, की मीही हे सरांना सांगून पटवायचं नाही.

बाहेर आलो तेव्हा सर फळ्यावर हायड्रोजन आणि क्लोरीन काढत होते. सासूने पहिल्यांदाच सुई थांबवली. “का जी मास्तर, ते जोडी दोघायची आहे म्हणता ना तुमी. मंग ते मधातच राह्यते का? का एखाद्याकडं सरकते?”

हाच प्रश्न पुढच्या धड्याचा विषय होता. सरांनी फळा खाली ठेवला. “सरकते, बाई. दोन्ही अणू सारखे असले का मधात राह्यते. वेगळे असले, त ज्याची ओढ जास्त, त्याच्याकडं सरकते.”

“मंग तुटते का ते?”

“नाही तुटत. सरकलेलीच राह्यते. पाण्यात तसंच आहे.”

सासूने आधी सुनेकडे पाहिलं, मग भिंतीला टेकलेल्या लेकाकडे. “म्हंजे आमच्या घरी जसं...”

“घराचं नोका सांगू, बाई,” सर घाईने म्हणाले. “अणूचंच आयका.”

“तुमी नोका सांगू,” ती सुई पुन्हा जाळ्यात घालत म्हणाली. “मी त सांगन. घर माहं आहे.”

नवरा हसला. पोरगी पदर तोंडाला लावून हसली. सर हसले नाहीत, पण फळा उचलायला त्यांना जरा वेळ लागला.

त्यानंतर डोळे बरे झाले तरी रविवारी ते मोटरसायकल घेऊन माझ्या दाराशी थांबू लागले, आणि मी मागे बसू लागले. जीवशास्त्र मी शिकवायचे, रसायन ते. माझ्या तासाला मी उपमा देत असे. हृदय म्हणजे पंप, पेशी म्हणजे खोली. सर उठून अंगणात जायचे, जाळं पाहायचे आणि मी थांबले की परत यायचे. आमच्यात याबद्दल कधी बोलणं झालं नाही. पाण्याचा, ग्लुकोजचा रेणू आला, की वर्गातली मुलं पुढे माझ्या जीवशास्त्राच्या पेपरातही अणूंना खूश करत राहिली. ते वाचताना मला समासातल्या लाल शाईची आठवण होते आणि मी स्वतःच लिहिते, कशावरून.

परीक्षेचा निकाल आला. पोरगी सगळ्या विषयांत पास झाली आणि रसायनशास्त्रात नापास. त्या रविवारी करडीला जाताना सरांनी गाडी इतकी हळू चालवली, की सायकली पुढे जात होत्या. मला भीती वाटत होती, की आता घरचे म्हणतील, पुरे झालं. नवऱ्याच्या चेहऱ्यावर तेच दिसत होतं. पोरगी आतून बाहेर आलीच नाही. सर अंगणात उभे राहिले, पहिल्या दिवशी राहिले असतील तसे.

सासूनेच तोंड उघडलं. “पोरगी नाही जी नापास झाली. तुमी झाले. आता पुन्हा शिकवा.” मग लेकाकडे वळून तिने चटई टाकायला सांगितली.

परतताना सर एका टपरीपाशी थांबले. चहा आला, पण त्यांनी कप हातात घेतला नाही.

“तिनं तुमाले सांगतलं असन,” ते म्हणाले. माझ्याशी ते एरवी असं घरच्या बोलीत बोलत नसत. “सोयरीक आधीच ठरली होती म्हणून.”

मी त्यांचा कप त्यांच्यापुढे सरकवला. वचन दिलेलं होतं.

“तिच्या बाबानं मले पयल्याच दिवशी सांगतलं होतं. खोटं नाही ते. पण ठरलं होतं बारावी झाल्यावर करायचं. लग्न माह्यामुळं नाही झालं. वर्ष माह्यामुळं गेलं. तेवढं वर्ष त द्या लागते ना परत.”

मग त्यांनी चहा घेतला. मी एकदा विचारून पाहिलं, की हे तिला का सांगत नाही. तिला वाटतं, तुम्ही सगळा दोष स्वतःवर घेऊन बसला आहात. सर म्हणाले, की तिला तसं वाटतं म्हणून ती अभ्यास टाळत नाही. इतक्या दुरून माणूस येतो, याची तिला लाज वाटते. ते राहू द्या.

म्हणजे एकच गोष्ट दोघांनाही माहीत होती, दोघंही ती एकमेकांपुढे काढत नव्हते, आणि मी ती दोघांकडूनही ऐकली होती. मी कोणालाही काही सांगितलं नाही.

पुरवणी परीक्षेत ती पास झाली. गुण काही मिरवण्यासारखे नव्हते, पण नर्सिंगला पुरले. भंडाऱ्याच्या वसतिगृहात राहावं लागणार म्हणून नवरा आठ दिवस गप्प होता. त्या गप्प दिवसांत घरात काय झालं, ते मला माहीत नाही. नवव्या दिवशी तोच तिची पेटी घेऊन बसस्टँडवर उभा होता, असं तिनेच नंतर सांगितलं. आता ती एका आरोग्य केंद्रात आहे. बाळंतपणं करते. रसायनशास्त्राचा तिला रोजच्या कामात काही उपयोग होत नसावा, आणि सरांनीही तो कधी विचारला नाही. सर निवृत्त झाले. निरोप समारंभाला सहा जणांनी भाषणं केली. कोणी त्यांना दीपस्तंभ म्हटलं, कोणी वटवृक्ष. ते मान खाली घालून बसले होते. मला एकटीलाच कळत होतं, की ते मनातल्या मनात समासात काय लिहीत असतील. सध्या सानगडीला धान करतात. गेले की भेटतात, मीठ बरोबर असलेलं जेवण देतात.

पण सरांची आठवण आली की मला निरोप समारंभ आठवत नाही. आठवतो तो करडीचा शेवटचा रविवार.

ती पास झाल्याचं कळल्यावर आम्ही पेढे घेऊन गेलो होतो. शिकवायचं काही नव्हतंच, तरी सरांनी सवयीने फळा आणला होता. सासूने मासोळीचा रस्सा केला होता. जेवणं झाली, पोरीने दोघांच्या पाया पडून घेतलं. सर उठले. इतके रविवार ज्या चटईवर बसले ती त्यांनी स्वतः गुंडाळली, फळ्याला दोरी बांधली आणि चप्पल घातली.

सासू ओसरीवर जाळ्यापाशीच बसली होती. “मंग पुढच्या इतवारी कवा येता?”

“पुढच्या इतवारी नाही, बाई,” सर म्हणाले. “झालं आता.”

“तिचं झालं जी,” सासू म्हणाली. “माहं राह्यलं ना. पानी उकडते, वाफ होऊन जाते, तवा आतली ते जोडी तुटते का नाही तुटत, हे तुमी सांगतलंच नाही मले.”

सर अंगणात उभे होते. ऊन उतरत आलं होतं आणि साकोली लांब होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांद्यावरची पर्स काढून ओसरीवर ठेवली.

त्यांनी चप्पल काढली, ओसरीवर येऊन बसले आणि फळ्याची गाठ सोडायला घेतली.

“नाही तुटत,” ते म्हणाले. “पाह्य, सांगतो.”